मणी साच्यात जाण्याआधीच घडतो

गोव्यातल्या साखळीहून एका ताईंनी प्रश्न पाठवला आहे. गॅसच्या टॉर्चच्या ज्योतीवर काचमणी करायला लागून त्यांना दीड वर्ष झालं. गोल मणी नीट जमतात. कानातल्यांसाठी एकसारख्या जोड्या हव्यात म्हणून त्यांनी अख्ख्या मसुराच्या आकाराचा, २२ मिलिमीटरचा पितळी प्रेस, म्हणजे मणी दाबायचा साचा, घेतला आणि तिथून त्रास सुरू झाला. मण्याच्या अंगावर सुरकुत्या येतात. एका कडेला काच साच्याबाहेर सांडते आणि दुसरी कड रिकामी राहते. आणि जे मणी चांगले निघतात, त्यांतले काही दोन दिवसांनी भोकापाशी तडकतात. प्रेस बदलू का, असं त्या विचारतात.

ताई, प्रेस बदलू नका. हे तिन्ही दोष मी माझ्या स्वतःच्या मण्यांत पाहिले आहेत. त्यांतला एकही तुमच्या पितळाचा नाही.

मी डिचोलीत चौदा वर्षं हे काम करते. शिकायला येणारी जवळजवळ प्रत्येक मुलगी साच्याकडे मोदकाचा साचा म्हणून बघते: भरलं, दाबलं, कळीदार मोदक बाहेर. पण उकड साच्यात कितीही वेळ मऊ राहते. काच पितळाला टेकली की त्याच क्षणी गोठायला लागते, कारण पितळ काचेच्या साधारण शंभरपट सहजतेने उष्णता वाहून नेतं. तुमच्या हातात एक, फार तर दोन सेकंद असतात. तेवढ्या वेळात काच लांब पळत नाही, आहे तिथून जराशी सरकते. म्हणून मसुराचा आकार ज्योतीत, मँड्रेलवर, म्हणजे ज्या सळईवर काच गुंडाळतो तिच्यावर, जवळजवळ तयार झालेला हवा. साच्याने फक्त शेवटचा हात फिरवायचा.

बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या याब्लोनेत्सच्या परिसरात, दाबून मणी करण्याची पद्धत अठराव्या शतकापासून आहे. तिथे काचेच्या जाड रॉडचं टोक मऊ करून सांडशीसारख्या साच्यात दाबतात, त्याच वेळी सुई आत जाऊन भोक पाडते, आणि कडेने बाहेर आलेली काच नंतर पिंपात घोळवून काढून टाकतात. म्हणजे काच थोडी जास्त येणार हे तिथे आधीच धरलेलं असतं. आपलं तसं नाही. आपल्याकडे भोकाच्या जागी मँड्रेल आहे, मणी एकेकटा होतो आणि त्यावर आपली नक्षी असते. कड घोळवायला गेलो तर नक्षीचा तजेलाही जातो. म्हणून काच मोजूनच घ्यायला हवी.

मोजायची कशी, ते सांगते. मुलांच्या खेळण्यातली माती घ्या, ती नसेल तर घट्ट मळलेली कणीक चालेल. रिकाम्या मँड्रेलवर ती थापा आणि प्रेस पूर्ण मिटेपर्यंत दाबा. बाहेर आलेलं कापून टाका. उरलेला मसूर मँड्रेलवरून सोडवा आणि वातीसारखा वळा. दहा मिलिलिटरच्या सिरिंजचं तोंड बंद करून तिच्यात अर्धं पाणी घ्या, ती वात आत सोडा आणि पाणी किती चढलं ते वाचा. आपल्या मऊ, म्हणजे कमी उष्णतेत वितळणाऱ्या, काचेची घनता सुमारे २.५ असते, म्हणून चढलेल्या मिलिलिटरला अडीचने गुणा, की ग्रॅम मिळाले. साचा २२ मिलिमीटर व्यासाचा आणि मध्यभागी १० मिलिमीटर जाड असेल, तर मँड्रेलची जागा सोडून १.९ मिलिलिटरच्या आसपास आकडा येईल. म्हणजे पावणेपाच ग्रॅम काच.

आता हाच आकडा रॉडच्या भाषेत बघा. ६ मिलिमीटर जाड रॉडची ही सुमारे ६७ मिलिमीटर लांबी झाली. रॉड ५ मिलिमीटरचा निघाला तर तेवढ्याच काचेला जवळपास ९७ मिलिमीटर लागतात. जाडीत एक मिलिमीटर कमी, आणि लांबीत तीन सेंटिमीटर जास्त! एकाच पुड्यातले रॉडसुद्धा सारख्या जाडीचे नसतात, म्हणून 'मी नेहमी एवढाच तुकडा घेते' या सवयीवर भरवसा ठेवू नका. सोनार वापरतात तसा छोटा डिजिटल काटा घ्या. रॉड वापरण्याआधी वजन करा, मणी झाल्यावर रॉड थंड होऊ द्या आणि पुन्हा वजन करा. वहीत लिहा: रंग, वजन, कड कशी आली. वीस मण्यांनंतर तुमचा स्वतःचा आकडा सापडतो. माझ्या साच्यात पाव ग्रॅम जास्त झालं की कडेला पापुद्रा येतोच. कानातल्यांच्या जोडीला तर या वहीशिवाय पर्याय नाही. साचा दोन्ही मण्यांचा घेर सारखा करतो, पण जाडी वजनावर ठरते.

तुमच्या पत्रातला एक तपशील मात्र वेगळं सांगतो. एका कडेला काच जास्त आणि दुसऱ्या कडेला कमी, म्हणजे वजन कदाचित बरोबरच आहे, जागा चुकते आहे.

त्याची सुरुवात पायापासून होते. मँड्रेलवर काचेचा पहिला थर जितकी लांबी व्यापतो, त्याला मी पाया म्हणते. २२ मिलिमीटरच्या साच्याला २० मिलिमीटरचा पाया ठेवा, दाबल्यावर काच दोन्हीकडे थोडी सरकते. पाया आखूड पडला तर भोकाशी काच पोचत नाही आणि तिथे ब्लेडसारखी पातळ धार राहते. तीच पुढे टवके उडवते आणि दोऱ्यालाही कापते. पाया लांब झाला तर टोकाची काच साच्याच्या काठावर चिरडते. टॉर्चशेजारी एक फरशीचा तुकडा ठेवा, त्यावर २० मिलिमीटरच्या दोन रेघा मारा आणि पहिला वेढा घातल्यावर मँड्रेल तिथे धरून बघा. पाया चुकला असेल तर तिथेच थांबा. वर काच चढवल्यावर तो सुधारत नाही.

पायावर पोट चढवायचं ते ढोलकीसारखं: मधे फुगीर, टोकांकडे निमुळतं. सगळीकडून सारखं आहे ना, हे बघण्यासाठी मण्याकडे न बघता त्याच्या वरच्या कडेकडे बघा. मँड्रेल फिरवताना ती कड वरखाली हलत असेल तर पोट एका अंगाला झुकलेलं आहे. ते ज्योतीतच सारखं करा. जड बाजू वर धरून एक-दोन क्षण थांबलात की काच आपल्या वजनाने खाली उतरते.

आणि एक गोष्ट जी शिकवताना मला फार उशिरा कळली. बहुतेक जणी प्रेस टॉर्चच्या उजवीकडे ठेवतात आणि बसल्या जागेवरून तिरक्या नजरेने मणी त्यात उतरवतात. नजर तिरकी असल्यामुळे मणी दर वेळी एकाच दिशेला दोन मिलिमीटर सरकलेला असतो. तुमची सांडणारी कड नेहमी तीच आहे का, ते बघा. असेल तर प्रेस पुढे ओढा, छातीसमोर, आणि वरून सरळ बघून मणी उतरवा. मँड्रेलची जाडीही तपासा. साच्याची खाच २.४ मिलिमीटरच्या मँड्रेलची असेल आणि तुम्ही १.६ चा वापरत असाल, तर मँड्रेल खाचेत खाली बसतो आणि भोक मध्यावर येत नाही.

आता उष्णता. इथेच सगळा मणी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

डिडिमियमचा चष्मा लावून काम करत असाल अशी आशा आहे. तापलेल्या काचेतल्या सोडियमचा ५८९ नॅनोमीटरचा पिवळा झगमगाट तो गाळतो आणि मग आतली काच खरी किती तापली आहे हे दिसतं. ढोलकी तयार झाली की ज्योतीत फिरवत राहा. आधी कड लाल होते, मग नारिंगी, मग अख्ख्या मण्याला आतून एकच रंग येतो. हात थांबवला तर पोट काकवीच्या थेंबासारखं खाली ओढ घेईल, इतका तो जड वाटायला हवा. या टप्प्याला ज्योतीबाहेर काढा, पण लगेच दाबू नका. फिरवत राहा आणि मनात तीनपर्यंत मोजा. तेवढ्यात पृष्ठभागाचा अती लालभडकपणा ओसरतो, आतली उष्णता बाहेर येते आणि मणी आरपार सारखा मऊ होतो. बाहेरून पातळ आणि आतून घट्ट अशी काच दाबली की वरची कातडी तेवढी साच्यात घसरते, आणि सुरकुत्यांची सुरुवात तिथेच होते.

मग मँड्रेल खालच्या खाचेत टेकवा, वरचा भाग सरळ खाली आणा, दाबा, उचला. मी हे शब्द मोठ्याने म्हणायला लावते, कारण 'दाबा, उचला' म्हणायला लागतो तेवढाच वेळ काच साच्यात असायला हवी. जास्त वेळ धरल्याने आकार जास्त चांगला येत नाही, काच थंड होते आणि तडकते. मँड्रेलला पीळ देऊ नका. पीळ बसला की बीड रिलीजचा, म्हणजे काच मँड्रेलला चिकटू न देणाऱ्या लेपाचा, थर फुटतो, मणी मँड्रेलवर गरगर फिरायला लागतो आणि मग तो वाचवणं कठीण.

पहिल्याच दाबात साचा मिटायला हवा असा हट्ट नको. मी तीनदा दाबते. पहिला दाब हलका, नुसता चपटेपणा येण्यापुरता. पुन्हा ज्योतीत, पण या वेळी ज्योतीच्या शेपटाकडून आत या, कारण मसुराची पातळ कड तोवर थंड झालेली असते आणि ती थेट आगीत गेली तर टचकन फुटते. पुन्हा रंग आला की मणी उलटा करून, म्हणजे खालची बाजू वर आणून, दुसरा दाब. खालची बाजू साच्याला आधी टेकते आणि शेवटी सुटते, म्हणून तिच्यावर सुरकुत्या नेहमी जास्त असतात. उलटवल्याने दोन्ही अंगांना सारखी वागणूक मिळते. तिसरा दाब फक्त कड नीट करायला.

काही सुरकुत्या तरीही राहतील. त्या घालवायच्या म्हणजे मणी पुन्हा वितळवायचा नाही. ज्योत मोठी आणि मऊ ठेवा, मणी दूर धरा, चपटी बाजू ज्योतीला दाखवा, उलटवा, दुसरी दाखवा. पृष्ठभाग चमकला की लगेच बाहेर. आतली काच घट्टच राहते, म्हणून आकार टिकतो. इथे घाई केली तर कडा गोल होतात आणि मसुराचा लाडू होतो. झालाच तर पुन्हा एक हलका दाब द्या, त्यात काही बिघडत नाही.

प्रेसही थोडा तापलेला हवा. पावसाळ्यात सकाळी तो हाताला गार लागतो, तशा गारठ्यात पहिले दोन-तीन मणी सुरकुततातच. प्रेस हाताला चटका बसेल इतका गरम करून घ्या, त्याहून जास्त नको. उलट, सलग दहा-बारा मणी दाबल्यावर पितळ फार तापतं आणि काच त्याला चिकटायला लागते. तेव्हा प्रेस बाजूला ठेवा. पाण्यात बुडवून थंड करू नका. खाचेत पाणी राहिलं आणि त्यावर तापलेली काच टेकली तर वाफ उसळते. साच्यात मऊ शिसपेन्सिल, ६बी किंवा ८बी, घासून कापसाने पुसून घेतली तर काच अलगद सुटते.

रंगांचा स्वभाव वेगवेगळा असतो. इटालियन मऊ काचेत, म्हणजे एफेत्रेत, पांढरा आणि हस्तिदंती रंग लवकर पातळ होतात. पारदर्शक रंगांना जास्त वेळ लागतो. पांढऱ्या गाभ्यावर पारदर्शक थर असेल तर आतला आधी पळतो, म्हणून ज्योतीबाहेरचे ते तीन अंक पाचपर्यंत न्या. ठिपके दुसऱ्या दाबाआधी घालून सपाट वितळवा आणि ते पसरणार हे धरून बारीक घाला. उठावदार नक्षी मात्र शेवटच्या दाबानंतरच.

पापुद्रा आलाच तर तो घासू नका. फक्त ती कड तापवा, बारीक असेल तर आत वितळून जाईल. मोठा असेल तर तेवढीच जागा लाल करा, पातळ रॉडचं टोक टेकवा, ओढा आणि ज्योतीने तोडा.

आता तडे, ज्यांचं मला सर्वांत वाईट वाटतं, कारण तो मणी लोकांच्या गळ्यात गेल्यावर फुटतो. भोकापाशी तडा म्हणजे बहुतेक वेळा टोकं थंड राहिली. सगळा वेळ ज्योत पोटावर होती आणि दोन्ही टोकं पितळाने व मँड्रेलने थंड केली. किलनमध्ये, म्हणजे विजेच्या भट्टीत, ठेवण्याआधी अख्खा मणी, दोन्ही टोकांसकट, ज्योतीच्या शेपटात दहा-पंधरा सेकंद फिरवा. लाली गेली की लगेच किलनमध्ये.

किलन नसेल तर चपट्या मण्यांचं काम सध्या थांबवा, असं मी स्पष्टच सांगेन. गोल मणी सिरॅमिक फायबरच्या घडीत हळू थंड करून एक वेळ तरतात. मसुराची कड पातळ आणि पोट जाड, दोन्ही वेगवेगळ्या वेगाने थंड होतात, आणि ताण आत अडकतो. घडीतलं थंड होणं म्हणजे ॲनीलिंग, म्हणजे आतला ताण निघेल असं मोजून हळू थंड करणं, नव्हे. एफेत्रेसाठी मी ५१५ अंश सेल्सिअसवर शेवटच्या मण्यानंतर एक तास ठेवते, मग तासाला ६० अंशांनी ४३० पर्यंत उतरवते, मग किलन बंद, दार सकाळपर्यंत बंद.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर वीज कधी जाईल सांगता येत नाही. एका वर्षी चवथीच्या आधी माझे चाळीसेक मणी भरलेले असताना वीज गेली, आणि काय झालं ते बघायला मी दार उघडलं. सकाळी अर्धे मणी दोन तुकडे होऊन पडले होते. तेव्हापासून नियम केला: वीज गेली तरी दार उघडायचं नाही. किलन आपापली थंड होऊ द्यायची. दुसऱ्या दिवशी जे शाबूत आहेत ते तासाला शंभर अंशांच्या वेगाने पुन्हा ५१५ पर्यंत चढवून सगळा क्रम परत करायचा. न फुटलेला मणी त्यातून पूर्ण सावरतो.

ताण उरला आहे का, हे घरी बघता येतं. एलसीडी पडद्याच्या लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडा आणि पोलराइज्ड गॉगल त्याच्यासमोर धरून पडदा काळा दिसेपर्यंत फिरवा. मग मणी दोघांच्या मधे धरा. पारदर्शक मण्यात भोकाभोवती पांढरे उजेडाचे पट्टे चमकले तर ताण आहे. काळोख राहिला तर मणी शांत आहे. अपारदर्शक काचेला ही युक्ती चालत नाही.

तड्यांचं दुसरं कारण म्हणजे न जुळणाऱ्या काचा. काच तापल्यावर किती फुगते त्याचा आकडा म्हणजे प्रसरणांक. १०४ प्रसरणांकाच्या काचेत ९० किंवा ९६ ची मिसळली तर ॲनीलिंग कितीही केलं तरी उपयोग नाही. चुड्याच्या हिरव्या काकणांचे तुकडे वितळवून ठिपके घालावेत असं आपल्याकडे अनेकींना वाटतं, आणि त्यामागची भावना मला कळते. पण त्या काचेचा प्रसरणांक आपल्याला माहीत नसतो. आधी परीक्षा घ्या: दोन्ही काचा शेजारी शेजारी जोडून तापवा आणि एकत्र लांब, केसासारखा धागा ओढा. थंड झाल्यावर धागा सरळ राहिला तर जोडी जमण्यासारखी आहे. धनुष्यासारखा वाकला तर नाही. वाकला तरी काकणं टाकू नका. अख्खा मणी तेवढ्याच काचेचा करा, तो सुंदर होतो.

मणी मँड्रेलवरून काढताना आधी पाण्यात भिजवा आणि भोक पाण्याखालीच घासा. कोरडं घासलं तर बीड रिलीजची धूळ थेट छातीत जाते. पावसात मँड्रेलवरचा थर रात्रभरातही सुकत नाही, आणि ओला राहिला तर ज्योतीत फुगून उठतो. मी मँड्रेल तांदळाच्या डब्यात उभे खोचते आणि डबा दिवसभर किलनच्या शेजारी ठेवते.

आणखी साचे हवे असतील तर बाहेरून मागवायलाच हवेत असं नाही. मी सुरुवातीला एक साचा ओतवून घेतला होता. ओतीव पितळात टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं राहतात, काच त्यांत अडकते, तो साचा वाया गेला. समईला चालणारं ओतकाम साच्याला चालत नाही. औद्योगिक वसाहतीतल्या लेथवाल्याकडे भरीव पितळी गज न्या, गोलाकार खोबण काढून घ्या, दोन भाग बरोबर बसायला पिना लावून घ्या आणि खोबण ८०० मग १२०० च्या पॉलिश पेपरने आरशासारखी करा. साच्यावरचा प्रत्येक ओरखडा मण्यावर उमटतो. म्हणूनच पावसात प्रेस हिरवट झाला तर राख किंवा ब्रश लावू नका. चिंचेच्या कोळाने बोटाने चोळा, धुवा, पूर्ण कोरडा करा आणि सुती कापडात गुंडाळून ठेवा.

पहिले दहा मणी एकाच पारदर्शक रंगाचे, बिननक्षीचे करा. त्यातलं सगळं दिसतं: बुडबुडे, ताण, मँड्रेल मधे आहे की नाही. प्रत्येकाचं वजन आणि कोणती कड सांडली ते लिहून कळवा, मग पुढचं बोलू.